एका चिनी अक्षराची चाल: नवशिक्यांसाठी माग काढायची पद्धत

चिनी किंवा जपानी नुकतीच शिकायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: "या अक्षराचा उच्चार काय?" देवनागरीत वाढलेल्या आपल्याला हा प्रश्न अगदी साहजिक वाटतो. क म्हणजे क, मग तो कमळात येवो नाहीतर काकडीत. चिनी लिपीतलं अक्षर मात्र शब्दाला किंवा शब्दाच्या अर्थपूर्ण तुकड्याला बांधलेलं असतं. शब्द बदलला की उच्चार बदलू शकतो, आणि देश बदलला की तो बदलतोच. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "या शब्दात, या भाषेत, याचा उच्चार काय?" ही एवढी सवय लागली की पुढचं बरंच ओझं उतरतं.

त्या सवयीसाठी आपण एकच अक्षर घेऊ आणि त्याचा चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम असा माग काढू. मंदारिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, त्याला शिङ म्हणतात, हाङही म्हणतात. मी मुद्दाम हेच निवडलं, कारण ते मराठी माणसाला फार लवकर आपलंसं होतं. का, ते दुसऱ्या पायरीवर कळेल.

एक वही, पेन्सिल आणि फोन जवळ ठेवा. वहीत समोरासमोरच्या दोन पानांवर पाच उभे रकाने आखा: अर्थ, चिनी, जपानी, कोरियन, व्हिएतनामी. उच्चार देवनागरीत लिहा. आपल्या वर्णमालेतले ङ आणि ञ मराठीत जवळजवळ रिकामेच बसलेले असतात, इथे त्यांना भरपूर काम मिळतं. ङ म्हणजे 'वाङ्मय' मधला, आणि त्यानंतर ग म्हणायचा नाही.

पायरी १: अक्षर हाताने काढा

आधी काढा, मग शोधा. एक चौकोन कल्पा आणि त्याचे उभे दोन भाग करा, डावा अरुंद आणि उजवा जरा रुंद. डाव्या भागात वरून एक छोटी तिरकी रेघ काढा, उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी. तिच्याखाली तशीच दुसरी, थोडी लांब. या दुसऱ्या रेघेच्या मध्यापासून सरळ खाली उभी रेघ. तीन झाल्या. आता उजवा भाग: वर एक आखूड आडवी रेघ, तिच्याखाली थोडी लांब दुसरी आडवी, आणि त्या दुसरीच्या मध्याच्या किंचित उजवीकडून खाली उभी रेघ, तळाशी डावीकडे वळलेल्या छोट्या आकड्यासह. एकूण सहा रेघा.

फोनच्या कीबोर्डमध्ये चिनी किंवा जपानी भाषा जोडा, हस्तलेखनाचा पर्याय निवडा आणि याच क्रमाने बोटाने अक्षर गिरवा. क्रम बरोबर असेल तर फोन लगेच ओळखतो. मिळालं की ते टिपणात साठवून ठेवा, पुढे कोशात टाकायला लागेल.

सोपं केलेलं रूप आणि जुनं रूप हा घोळ या अक्षरात नाही. बीजिंग, तैपेई आणि तोक्यो, तिन्हीकडे ते एकच आहे. चीनमध्ये १९५६ पासून अक्षरं सोपी झाली आणि जपानने १९४६ पासून आपली यादी ठरवली, पण या सहा रेघांना कुणी हात लावला नाही.

पायरी २: मुळातलं चित्र पाहा

श्यू शन या विद्वानाने इ.स. १०० मध्ये आपला प्रसिद्ध शब्दकोश पुरा केला. त्यात त्याने या अक्षराची फोड अशी दिली: डावा भाग एक पाऊल, उजवा भाग दुसरं पाऊल, मिळून माणसाचं चालणं. अठराशे वर्षं हीच फोड शिकवली गेली. मग १८९९ साली चीनमध्ये हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेली जुनी अक्षरं अभ्यासकांच्या नजरेस आली. ती शांग घराण्याच्या काळातली, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. त्या हाडांवर हे अक्षर वेगळंच दिसतं: वरून पाहिलेला चौक. चार दिशांना फुटणारे चार रस्ते, प्रत्येकाला दोन कडा. पुढे लिहिता लिहिता चौकाची डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी पडली, आणि श्यू शनला त्यात पावलं दिसली. त्याच्यासमोर ती हाडं नव्हती. मिळालेल्या पुराव्यावरून त्याने काढलेला अर्थ मला आजही आदराने वाचावासा वाटतो.

तर मुळात रस्ता. रस्ता म्हणून चालणं, जाणं. चालणं म्हणून काम पुढे नेणं, करणं. करणं म्हणून माणसाचं वागणं. दुसऱ्या बाजूने, रस्ता सरळ रेषेत जातो म्हणून ओळ, रांग. एका रांगेत एकाच मालाची दुकानं म्हणून धंदा आणि पेढी.

आता मराठीकडे या. आपण 'चालतो', काम 'चालू' असतं, नोटा 'चलनात' असतात, माणसाचं 'चालचलन' बघितलं जातं, गावाच्या 'चालीरीती' असतात. आणि कुणी काही सुचवलं तर आपण म्हणतो, "चालेल!" हा सगळा पसारा त्या सहा रेघांत आहे. ओळीचं म्हणाल तर 'आळी' हा शब्द बघा: मुळात ओळ, मग घरांची ओळ, आणि मग पुण्यातली तांबट आळी. ओळ ते धंदेवाल्यांची वस्ती हा प्रवास दोन्हीकडे झाला. दोन्ही भाषांचं काही नातं नाही. माणसं रस्त्याकडे बघून सारखाच विचार करतात, इतकंच. पण शिकणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. वहीतल्या पहिल्या रकान्यात चालणे, करणे, वर्तन, ओळ, धंदा असे पाच अर्थ एकाखाली एक लिहा.

पायरी ३: मंदारिनचे दोन उच्चार

चालणं, जाणं, करणं या कुळातल्या शब्दांत शिङ. ओळ आणि धंद्याच्या कुळात हाङ. दोन्हींचा सूर दुसरा, म्हणजे खालून वर चढणारा, आपण "हो?" असं विचारताना आवाज चढवतो तसा.

शिङचे शब्द: ल्यू-शिङ म्हणजे प्रवास, शिङ-रन म्हणजे पादचारी, शिङ-ली म्हणजे प्रवासाचं सामान, त्झ-शिङ-छ म्हणजे सायकल, शब्दशः आपली आपण चालणारी गाडी. फा-शिङ म्हणजे नोटा किंवा पुस्तकं प्रसारात आणणं. इथे 'चलन' आठवा. हाङचे शब्द: यिन-हाङ म्हणजे बँक, शब्दशः चांदीची पेढी, हाङ-ये म्हणजे उद्योगक्षेत्र, नेइ-हाङ म्हणजे धंद्यातला जाणकार, वाइ-हाङ म्हणजे त्यातलं काही न कळणारा. चिनी म्हण सांगते की धंदे तीनशे साठ आणि प्रत्येक हाङमधून एक अव्वल माणूस निघतो.

एक गोष्ट मात्र वहीत ठळक लिहा. आजच्या मंदारिनमध्ये "मी चालतो" म्हणताना नुसता शिङ वापरत नाहीत, तिथे झोउ हे दुसरं अक्षर येतं. नुसता शिङ ऐकू येतो तो "चालेल" या अर्थाने. "शिङ बु शिङ?" म्हणजे "चालेल का?", उत्तर "शिङ!" किंवा "बु शिङ!". बाजारात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडणारा हा शब्द आहे.

आपण अभंगाची 'चाल' म्हणतो, तशी जुन्या चिनी काव्यात शिङ नावाची गेय कविताच असते. थांग घराण्याच्या काळातला कवी पाय च्युयी याने ८१६ साली फीपा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या बाईवर लिहिलेल्या दीर्घकवितेच्या नावातही तो शब्द आहे.

कोशात तुम्हाला आणखी एकदोन दुर्मिळ उच्चार सापडतील. सध्या सोडून द्या.

पायरी ४: कँटनचे हाँग आणि मुंबई

दक्षिणेतल्या कँटनीज भाषेत चालण्याचं रोजचं क्रियापद अजून हेच आहे, उच्चार हाङ. आणि जिथे मंदारिनमध्ये धंद्याचा हाङ, तिथे कँटनीजमध्ये होङ. बँक म्हणजे ङान-होङ.

हा होङ मुंबईने फार पूर्वी ऐकला आहे. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर खुलं होतं, आणि व्यवहार सरकारने नेमलेल्या चिनी पेढ्यांमार्फतच करावा लागे. या पेढ्या म्हणजे हाँग, नदीकाठची ती वस्ती म्हणजे 'तेरा हाँग'. मुंबईहून तिथे कापूस जाई आणि मोठ्या प्रमाणावर माळव्याची अफूही जाई. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या, त्या याच बंदराला. त्या काळच्या मुंबईच्या चीन-व्यापाराबद्दल वाचताना 'हाँग व्यापारी' असा उल्लेख आला तर त्यात आपलंच अक्षर आहे हे लक्षात ठेवा. हाँगकाँगमधला हाँग मात्र वेगळा, त्याचा अर्थ सुगंधी. नुसत्या ध्वनीवरून नातं जोडायचं नाही, हा धडा इथेच घ्या.

पायरी ५: जपान, सर्वांत जास्त वेळ द्यायची जागा

जपानी शाळेत हे अक्षर दुसरीत शिकवतात. सरकारी यादीत त्याचे सहा उच्चार आहेत: कोऽ, ग्योऽ, आन, इकु, युकु, ओकोनाउ. बघूनच धडकी भरते. पण हे सहा उच्चार म्हणजे जपानच्या इतिहासाचे थर आहेत, आणि थर कळले की पाठांतर निम्म्यावर येतं.

पहिले तीन चीनमधून आले, तीन वेगवेगळ्या लाटांत. ग्योऽ सर्वांत जुना, बौद्ध धर्माबरोबर आलेला. कोऽ त्यानंतरचा, सातव्या ते नवव्या शतकात थांग राजधानीला गेलेल्या जपानी शिष्टमंडळांनी आणि विद्यार्थ्यांनी आणलेला. आन सर्वांत उशिराचा, झेन भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर आलेला. उरलेले तीन अस्सल जपानी क्रियापदं, जपान्यांनी आपल्या शब्दांवर हे अक्षर चढवलं. इकु आणि युकु म्हणजे जाणं, ओकोनाउ म्हणजे करणं, पार पाडणं.

यातून कामाचा एक आडाखा निघतो. देवाधर्माचा, विधीचा, कारभाराचा शब्द असेल तर ग्योऽची शक्यता मोठी: शुग्योऽ म्हणजे साधना, ग्योऽजी म्हणजे उत्सव-समारंभ, ग्योऽसेइ म्हणजे प्रशासन. प्रवास आणि आधुनिक व्यवहाराचा असेल तर बहुधा कोऽ: र्योकोऽ प्रवास, गिन्कोऽ बँक, हिकोऽकी विमान, क्यूकोऽ जलद गाडी. आडाखा म्हणजे नियम नव्हे, शब्द कोशात पाहूनच वहीत चढवायचा.

आनचे शब्द मोजकेच, पण त्यातला एक पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांत काम करणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो: अँडॉन. उत्पादनात अडचण आली की कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि वरच्या फलकावर दिवा लागतो, तो अँडॉन. टोयोटाच्या पद्धतीतून हा शब्द जगभर पसरला. मूळचा आन्दोन म्हणजे कागदी दिवा, आणि तो आपलं अक्षर अधिक 'दिवा' हे अक्षर असा लिहितात: चालताना हातात धरायचा दिवा. हे कळल्यापासून आन हा उच्चार मला कधी पाठ करावा लागला नाही. भिक्षूंच्या पायी भ्रमंतीला आन्ग्या म्हणतात, तोही याच थरातला.

आता एक जोडी बारकाईने पाहा. 'एक' हे अक्षर आणि त्यापुढे आपलं अक्षर. जपानीत हे इचिग्योऽ वाचलं तर 'एक ओळ', इक्कोऽ वाचलं तर 'एकत्र प्रवासाला निघालेली मंडळी'. मंदारिनमध्येही हीच जोडी आहे: ओळ असेल तर हाङ, मंडळी असतील तर शिङ. पण म्हणून हाङ म्हणजे ग्योऽ असं समीकरण मांडू नका. बँकेत मंदारिनचा हाङ आहे आणि जपानीचा कोऽ. चिनी उच्चारांची वाटणी अर्थावर झाली, जपानी उच्चारांची वाटणी बऱ्याच अंशी शब्द कोणत्या लाटेत आला त्यावर. नवशिक्यांचा घोळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून ही जोडी वहीत चौकट करून लिहा.

दुसरी जागा क्रियापदांची. अक्षराच्या शेपटीला 'कु' हे काना-चिन्ह (काना म्हणजे जपानीतली नुसता उच्चार दाखवणारी लिपी) असेल तर इकु किंवा युकु, 'उ' असेल तर ओकोनाउ. भूतकाळात मात्र 'गेला' हा इत्ता आणि 'पार पाडलं' हा ओकोनात्ता, दोन्ही लिहिताना एकसारखे दिसतात. तिथे आधीचा विभक्तीचा शब्द बघायचा: 'नि' म्हणजे 'ला' असेल तर बहुधा गेला, 'ओ' असेल तर बहुधा पार पाडलं. जपानी माणसंही संदर्भावरूनच वाचतात. रेल्वे फलाटावर गावाच्या नावामागे हे अक्षर दिसलं तर युकि वाचा: तोक्यो-युकि, म्हणजे तोक्योला जाणारी.

आणि आता मला या लेखातली सगळ्यात आवडती गोष्ट. जपानी मुलं आपली वर्णमाला आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशा ओळींत शिकतात. क्रम ओळखीचा वाटला ना? आधी कंठ्य, मग पुढे सरकत ओठांपर्यंत, शेवटी य-र-व. हा क्रम संस्कृत वर्णमालेतून, सिद्धम् लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमार्फत तिकडे पोचला. स्वरांचा क्रमही अ-इ-उ-ए-ओ. या तक्त्यातल्या ओळीला जपानीत ग्योऽ म्हणतात: का-ग्योऽ, सा-ग्योऽ. आपण शाळेत 'क वर्ग' म्हणायचो, त्यातल्या 'वर्ग' शब्दाच्या जागी तिथे आपलं अक्षर बसलं आहे.

पायरी ६: ध्वनींचा पूल बांधा

मंदारिन शिङ, जपानी कोऽ. यांचं एकमेकांशी काही जुळतं का? जुळतं. जुन्या चिनी उच्चारात सुरुवातीला घशातला ह आणि शेवटी ङ होता. त्या काळच्या जपानीत ह नव्हता, म्हणून जवळचा क किंवा ग घेतला. शेवटचा ङही नव्हता, त्याचा आधी उ झाला आणि पुढे लांब ओ. मंदारिनमध्ये पुढे इ आल्यावर ह चा श झाला. कोरियन आणि व्हिएतनामीने ह जपला.

हा पूल इतर अक्षरांवरही चालतो. समुद्र: मंदारिन हाय, जपानी काय, कोरियन हे, व्हिएतनामी हाय. शिकणे: श्युए, गाकु, हाक, होक. म्हणजे जपानीत क किंवा ग दिसला आणि कोरियनमध्ये ह, तर मंदारिनमध्ये ह किंवा श असण्याचा अंदाज बांधता येतो. अशी दहा अक्षरं स्वतः मांडून पाहा, कान तयार होतो.

पायरी ७: कोरिया

कोरियात आज हे अक्षर क्वचितच दिसतं, सगळं १४४६ साली जाहीर झालेल्या हंगुल लिपीत लिहितात. पण अक्षर शब्दांच्या पोटात आहेच, उच्चार हेङ: यॉहेङ प्रवास, बिहेङगी विमान, हेङदोङ कृती, उन्हेङ बँक. रेल्वेच्या पाटीवर सऊल-हेङ म्हणजे सऊलला जाणारी, अगदी जपानी युकिसारखं.

अक्षर दिसत नाही म्हणून चकवे वाढतात. उन्हेङ म्हणजे बँक आणि गिंको नावाचं झाडही, त्या झाडात दुसरं अक्षर आहे. हेङबोक म्हणजे सुख, त्यातला हेङ भाग्याचा, आपला नव्हे. दुसरा उच्चार हाङ अगदी थोड्या शब्दांत उरला. आपलं अक्षर आणि 'रांग' हे अक्षर अशी एकच जोडी हेङन्योल वाचली तर मिरवणूक किंवा गणितातली सारणी, आणि हाङन्योल वाचली तर घराण्यातली पिढी. कोरियन घराण्यांत एका पिढीच्या सगळ्या सख्ख्या-चुलत भावंडांच्या नावांत एक अक्षर समान ठेवायची परंपरा आहे, ती या हाङन्योलवर चालते.

इथेच संगणकवाल्यांसाठी एक सूचना. तक्त्यातली आडवी ओळ दाखवायला चीन, जपान आणि कोरियात आपलं अक्षर वापरतात, उभ्या रकान्याला 'रांग' हे अक्षर. तैवानमध्ये बरोबर उलट: आपलं अक्षर उभं, 'रांग' आडवी. तैवानच्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना आधी विचारून घ्या.

पायरी ८: व्हिएतनाम

व्हिएतनाममध्ये चिनी अक्षरांवर आधारलेल्या सरकारी परीक्षा १९१९ पर्यंत चालल्या. आता लिपी रोमन आहे, पण शब्द राहिले. करणं-चालणं या कुळात हाञ: हाञ ली सामान, हाञ दोङ कृती, तू हाञ धार्मिक साधना. ओळ आणि धंद्यात हाङ: ङन हाङ बँक. सद्गुणाच्या अर्थाने याच हाञचा सूर जड होतो, दुक हाञ म्हणजे सदाचार. हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांची नावंच हाङने सुरू होतात, हाङ बाक ही चांदीची, हाङ दुऑङ ही साखरेची. तांबट आळीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

स्वयंपाकातला कांदा म्हणजेही हाञ, पण त्याचा आपल्या अक्षराशी संबंध नाही.

दानांगला फिरायला गेलात तर शहराजवळ संगमरवराचे पाच डोंगर दाखवतात, ङू हाञ सोन. ङू म्हणजे पाच, सोन म्हणजे डोंगर. मधला हाञ आपला. ही चिनी विचारातली पाच तत्त्वं: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. मंदारिनमध्ये वू-शिङ, जपानीत गोग्योऽ, कोरियनमध्ये ओहेङ. मराठीत यांना सर्रास 'पंचमहाभूतं' म्हणतात, ते टाळावं. आपल्याकडे वायू आणि आकाश आहेत, तिकडे लाकूड आणि धातू. शिवाय अक्षरच सांगतं की या पाच 'चालणाऱ्या' अवस्था आहेत, एकीतून दुसरी निघते, एक दुसरीला आवरते.

सगळीकडे शब्द तोच असेल असं धरू नका. सायकलच्या चिनी शब्दात आपलं अक्षर आहे, जपानी आणि कोरियन शब्दांत नाही. विमानाच्या जपानी आणि कोरियन शब्दांत आहे, चिनी आणि व्हिएतनामी शब्दांत नाही. वहीतला रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.

पायरी ९: दोन ओळींवर स्वतःला तपासा

आता ओळखीच्या मजकुरावर या. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा युआन श्वांगच्या नावावर असलेला चिनी अनुवाद जेमतेम २६० अक्षरांचा आहे, आणि चारही देशांतल्या विहारांत तो आपापल्या उच्चारांत म्हटला जातो. हाच युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला आणि चालुक्य राजा पुलकेशीबद्दल त्याने लिहून ठेवलं.

या सूत्राच्या पहिल्याच वाक्यात आपलं अक्षर येतं. संस्कृतात तिथे 'चर्यां चरमाणः' आहे: बोधिसत्त्व गहन प्रज्ञापारमितेचं आचरण करत असताना. चर् धातूचा मूळ अर्थ चालणं-फिरणं, आणि त्यातूनच आपलं 'आचरण' आलं. अनुवादकाने नेमकं चालण्याचं अक्षर निवडलं. थोडं पुढे गेलं की पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक, येतात: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. यातल्या 'संस्कार' साठी पुन्हा तेच अक्षर. इथे संस्कार म्हणजे घरचं वळण किंवा विधी नव्हे, मनात घडत राहणाऱ्या आणि कृतीला लावणाऱ्या हालचाली. रूपानंतरचे चार स्कंध मोठ्याने म्हणा. मंदारिन: शोउ, श्यांग, शिङ, श. जपानी: जु, सोऽ, ग्योऽ, शिकि. कोरियन: सु, साङ, हेङ, शिक. व्हिएतनामी: थो, तुऑङ, हाञ, थुक. तिसरी जागा आपली.

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत अंत्यविधीला "अनिच्चा वत सङ्खारा" ही पाली गाथा म्हणतात. तिचं चिनी रूप चार अक्षरांचं आहे: सर्व, आपलं अक्षर, नाही, नित्य. जपानीत ते शोग्योऽ मुजोऽ. संस्कारासाठी इथेही ग्योऽच, कारण शब्द बौद्ध लाटेतला. पाचव्या पायरीचा आडाखा इथे पडताळून बघता येतो.

पायरी १०: कोश आणि पुढची अक्षरं

चिनीसाठी प्लेको, जपानीसाठी जिशो, कोरियनसाठी नेवरचा हांजा (कोरियनमधली चिनी अक्षरं) कोश. विक्शनरीवर अक्षर टाकलं तर सगळ्या भाषा एकाच पानावर मिळतात, जुने उच्चारसुद्धा. अक्षराचं पान उघडलं की उच्चारांची यादी नुसती डोळ्याखालून घाला आणि थेट खालच्या शब्दांकडे जा. प्रत्येक उच्चाराला तुम्ही प्रत्यक्ष वापराल असे दोन शब्द उचला. दोनच.

१७१६ सालच्या खांगशी कोशात अक्षरं २१४ मूळ-घटकांखाली लावलेली आहेत. आपलं अक्षर स्वतःच त्यातला १४४ वा घटक आहे, आणि त्याची मुलं ओळखायला सोपी असतात. डावा आणि उजवा भाग थोडे दूर सरकतात आणि मधे दुसरा घटक येऊन बसतो. उद्यासाठी त्यातलं एक काढा. डावीकडच्या तीन रेघा काढून झाल्या की मधे जागा सोडा. तिथे 'माती' हे अक्षर, म्हणजे अधिकचं चिन्ह आणि त्याच्या तळाशी एक आडवी रेघ, एकावर एक असं दोनदा लिहा. मग उजवीकडच्या तीन रेघा. चौकाच्या मधोमध मातीचे दोन थर. मंदारिनमध्ये च्ये, कँटनीजमध्ये गाय, जपानीत गाय किंवा माचि, कोरियनमध्ये गा, व्हिएतनामीत ञाय. अर्थ: रस्ता, पेठ.